वकिलीणबाईंची कमान

निजामाच्या राज्यात परभणीच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मला हिसाब शिकवायची नोकरी लागली, तेव्हा ताडकळसच्या बाजूच्या खेड्यातून बायकोला घेऊन आलो आणि जिथं बिऱ्हाड थाटलं ते घर नव्हतं, मोटारखाना होता. मोटार मात्र नव्हती. तिच्या जागी मी, माझी बायको गोदा, एक पत्र्याची ट्रंक आणि एक स्टो असे राहत होतो. मोटारीपेक्षा आम्ही कमी जागा अडवतो, असं मालकीणबाईंनी नुसतं बघून ठरवलं आणि खोली दिली.

मालकीणबाई म्हणजे वकिलीणबाई. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. वकीलसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बाईंच्या बोलण्यात कचेरी राहिलेली होती. दुधात पाणी आलं तर गवळ्याला त्या 'मुद्दालेह', म्हणजे प्रतिवादी, म्हणत आणि शेजारणीला गवाह म्हणून उभं करत. माहेर चारठाण्याचं, त्यामुळं फारसी शब्द आणि खेड्यातली बोली एकाच वाक्यात असत. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळकी, चालणं झपझप. मूलबाळ नव्हतं. ओसरीवर त्यांची एक खुर्ची होती. ती अशी ठेवलेली की बसल्या जागेवरून रस्ता दिसत नसे, तुळस दिसत नसे, फक्त मोटारखान्याचं दार दिसे.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. मला त्या दारासमोर उभं केलं.

"मास्तर, हे काय हाय?"

"शटर."

"शटर तर दिसायलंय. न दिसणारं काय हाय?"

मी हिसाबाचा मास्तर. न दिसणाऱ्या गोष्टींची मला सवय होती, तरी मी शटरच निरखत राहिलो. तेव्हा बाईंनी विहिरीवरून एक ओलं लुगडं आणलं, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून पिळायला लागल्या. पिळता पिळता लुगड्याचा दोर झाला, दोराला गाठी पडायला लागल्या.

"आता सोडा."

मी सोडलं. लुगडं गरकन उलटं फिरलं आणि त्याचा ओला शेव माझ्या कानशिलावर बसला.

"हे लुगडं हाय म्हणून वाचलात," बाई म्हणाल्या. "तिथं वर लोखंडाचं हाय. पीळ दिसंना म्हणून पीळ न्हाई असं समजायचं न्हाई. आता मला परत सांगा, काय शिकलात?"

मी परत सांगितलं. खोली मिळाली.

स्प्रिंगला आमच्याकडं तेव्हा कमान म्हणत. घड्याळाची कमान, तशी शटरची कमान. नवख्या माणसाला वाटे, वकिलांच्या घराला कुठंतरी नक्षीची कमान असणार. तो मान वर करून शोधायला लागला की बाई त्याला दंडाला धरून बाजूला ओढत. "खाली उभं राहून वर बघायचं न्हाई. बघायचं तर इकडून बघा."

चौकटीच्या माथ्यावर एक आडवी लोखंडी नळी होती आणि तिच्या पोटात दोन कमानी, कडेच्या बोल्टांनी आवळलेल्या एका दांड्यावर बसवलेल्या. शटर खाली ओढलं की नळी फिरे आणि कमानींना पीळ बसे. वर ढकललं की तोच पीळ उलगडे आणि बरंचसं ओझं स्वतः उचलून घेई. म्हणून गोदासारखी काडी बाईसुद्धा ते शटर दोन हातांनी वर नेऊ शके. हे सगळं बाईंनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं आणि त्यानंतर दर आठवड्याला परत विचारलं.

नियम पुष्कळ होते. अर्ध्या उघड्या शटरखाली कुणी थांबायचं नाही, मांजरानंसुद्धा नाही. शटर गुडघ्यापर्यंत हळू न्यायचं, मग ते आपण होऊन चढायला लागलं तरी हात सोडायचा नाही. खालच्या पट्टीला ओले कपडे अडकवायचे नाहीत, कारण कमानीला तेवढ्याच ओझ्याचा हिशेब माहीत आहे. शिवणयंत्राचं पातळ तेल कावळ्याच्या पिसानं लावायचं, आधी धूळ पुसून. करडीचं तेल चालत नसे, कारण त्याला धूळ चिकटून खळ होते. शनिवारी तेल लावायचं नाही, तो मारुतीचा हक्क. आणि मिशी असलेल्या पुरुषानं कडेच्या बोल्टांना हात लावायचा नाही.

मला तेव्हा बारीक मिशी होती. बाईंनी ती निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "ही चालंल. पण वाढवू नका."

यातलं कुठलं शास्त्र आणि कुठलं बाईंचं, हे मला कळत नसे. बाई सगळं एकाच आवाजात सांगत.

दर पुनवेला परीक्षा असे. बाई शटर कंबरेइतकं वर आणत, हात काढत आणि पटकन बाजूला होत. शटर तिथंच थांबलं की म्हणत, "समाधानी हाय." कधी ते हळूच वर सरके. "माजलीय. थंडी हाय ना." म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. खाली आलं तर काय म्हणायचं ते त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, पण ते म्हणायची वेळ आली नव्हती.

गल्लीत सगळे म्हणत की वकीलसाहेब शटर अंगावर पडूनच गेले. मी घाबरत घाबरत बाईंना विचारलं. "न्हाई हो," त्या म्हणाल्या. "तापानं गेले. आठ दिवस आजारी होते, अर्ध्या परभणीनं बघितलं." मग लोक असं का बोलतात, आणि तुम्ही सांगत का नाही? बाई डाळ निवडत होत्या. एक खडा काढून टाकत म्हणाल्या, "बोलू द्या की. काय बिघडायलंय?"

त्या अफवेचा बाईंना काय उपयोग होता, ते मला एका थंडीतल्या सकाळी कळायला हवं होतं, पण कळलं नाही.

बाईंचे धाकटे दीर होते, बापूसाहेब. भरघोस मिशीचा, गडगडाटी आवाजाचा माणूस. वकीलसाहेब गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी मोटार नेली, मग खुर्च्या-टेबलं नेली, मग कायद्याच्या पुस्तकांचं कपाट पुस्तकांसकट नेलं. बापूसाहेब त्याला वाटणी म्हणत. बाई "नेलं" म्हणत. आता पूर्णेला स्टेशनाजवळ त्यांना कापडाचं दुकान घालायचं होतं, आणि दुकानाला शटर हवं होतं. त्या सकाळी ते कापसाच्या जिनिंगमधला एक मिस्त्री आणि त्याच्याबरोबरचा गडी घेऊन आले. शिडी लावली. शटर त्या वेळी खाली ओढलेलं होतं. मी आणि गोदा अंगणात उभे. खोली आमची, पण दार कुणाचं यावर आम्हाला मत नव्हतं.

बाईंनी काहीही अडवलं नाही. ओसरीवरची खुर्ची उचलून अंगणात आणली, बाजूला ठेवली आणि बसल्या.

"रामराम मिस्त्री. काढायला आलात का? काढा. तुमचं नाव काय?"

मिस्त्रीनं सांगितलं.

"बापाचं?"

तेही सांगितलं.

"गाव कोणतं? घरी कोण असतं?"

"कशाला बाई?"

"निरोप धाडाय लागंल ना. तुमी मंग बोलायच्या हालतीत ऱ्हाताल का न्हाई, काय नेम?"

मिस्त्री शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. बाई त्याला समजावणीच्या सुरात सांगू लागल्या. "आता दार खाली हाय, म्हंजी कमानीला पुरा पीळ हाय. बोल्ट ढिला केला की दांडा फिरंल. दांड्यात पहार असली तर पहारबी फिरंल. समोर उभं ऱ्हायलात तर जबडा जाईल, बाजूला ऱ्हायलात तर मनगट. तुमाला कोणतं परवडतं ते बघून उभं ऱ्हावा."

बापूसाहेब म्हणाले, "वहिनी, उगं भ्या दाखवू नका."

पण मिस्त्री शहाणा होता. तो खाली उतरला. "साहेब, बाईचं खरं हाय. दार आधी वर घेऊन बांधावं लागंल."

"मग घ्या वर."

"वर घेतल्यावरबी थोडा पीळ उरतोच. किती, ते बसवणाऱ्यालाच माहीत. तेवढं कळल्याबिगर मी हात लावत न्हाई."

सगळे बाईंकडं बघायला लागले. बाई आभाळाकडं बघत होत्या.

"मला काय माहीत? मी बाईमाणूस."

बापूसाहेब शिडी घेऊन परत गेले. शिडी त्यांचीच होती.

पुढं रझाकारीचं साल आलं. शहरात रोज नवी अफवा यायची आणि जुनी खोटी ठरायच्या आत तिसरी यायची. गल्लीतली अर्धी घरं कुलूप लावून इंग्रजी मुलखातल्या पाहुण्यांकडं निघून गेली. इंग्रजी मुलूख म्हणजे आता इंग्रजांचा राहिला नव्हता, पण तोंडात तेच होतं. गोदाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरची वाट कुणी बिनधोक म्हणायला तयार नव्हतं. रस्ते बंद, गाड्यांचा भरवसा नाही. ती राहिली.

त्याच दिवसांत एका पुनवेला शटर कंबरेवर थांबलं नाही. बाईंनी हात काढला आणि ते सावकाश, लाजत असल्यासारखं, खाली जाऊन टेकलं.

"थकली," बाई म्हणाल्या.

हैदराबादेहून ज्या फिटरनं ते बसवलं होतं त्याला निरोप धाडायला हवा होता, पण तिकडं जाणारं माणूस मिळेना. बाईंनी शटर पुरतं वर घेतलं, दोरानं आकडीला बांधलं आणि दाराला गोणपाटाचा पडदा लावला. "फिटर येईस्तोवर हिला उचलायचं न्हाई अन् पाडायचंबी न्हाई. थकलेल्या माणसाला कामाला लावत न्हाईत." गोदाकडून त्यांनी ते परत म्हणवून घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, मी शाळेत असताना गल्लीत एक लॉरी शिरली. लॉरीवर माणसं ओरडत होती. पुढं कळलं की ती सरकी भरलेली जिनिंगची लॉरी होती, ड्रायव्हर वाट चुकला होता आणि वरचे हमाल त्याला शिव्या घालत होते. पण गोदा खोलीत एकटी होती आणि दार म्हणून तिच्यापुढं गोणपाट होतं. दोराची गाठ सुटेना, म्हणून तिनं ती विळ्यानं कापली. खालच्या पट्टीला लोंबकळून तिनं शटर एका झटक्यात जमिनीला आणलं.

आणि कमान तुटली.

तो आवाज मी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला ते सगळे पुढं वर्षानुवर्षं सांगत की बंदुकीचा बार असाच होतो. गल्लीनं एकच अर्थ लावला. जी दारं उघडी होती ती बंद झाली. लॉरीवाल्यानंही तोच अर्थ लावला आणि सरकीचं एक पोतं रस्त्यात टाकून लॉरी पळवली. शाळेत बातमी आली की आमच्या गल्लीत गोळीबार झाला, दोघं गेले.

मी धावत आलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फक्त मोटारखान्यासमोर वकिलीणबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी सरपणातले जाडजूड ओंडके ओळीनं मांडलेले होते.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "एक कमान तुटली. बायको आत हाय. भिऊन तिला कळा सुरू झाल्यात. बाकी सगळं ठीक हाय."

मी शटरकडं झेपावलो. बाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. "एकट्यानं न्हाई! उरलेल्या एका कमानीला हे पेलत न्हाई, आता हे नुसतं ओझं हाय. अर्ध्यात हात सुटला तर खाली कुणाचा पाय असंल ते देव ठरवंल."

मी मागच्या खिडकीकडं पळालो. गजांना धरून गोदा उभी होती, चेहरा घामानं भिजलेला.

"मी ठीक हाय," ती म्हणाली. "काकू रागावल्यात का? त्यांनी हात लावू नको म्हणलं व्हतं."

मागून बाईंचा आवाज आला. "कुणी रागवायलं न्हाई. भ्याल्यावर माणूस दार लावतंच. तू खाली बस, माय."

बाई गल्लीत दारं ठोठवत निघाल्या. "गोळी न्हाई! कमान तुटलीय! चार माणसं या, शटर उचलायचंय!" एका दाराआडून पुरुषाचा आवाज आला, "कमानीतून सुटंना का बंदुकीतून, आमी दार उघडत न्हाई." दुसऱ्या दाराआडून तेवढंही आलं नाही. बाई गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. मग त्या मधोमध थांबल्या, आणि कमानीचं नाव न घेता एवढंच ओरडल्या, "बाई अडलीय!"

एक कडी निघाली. मग दुसरी. पदर खोचत बायका बाहेर यायला लागल्या. त्यांच्या मागून घरातून "अगं, अगं" ऐकू येत होतं, पण कुणी मागं वळून पाहिलं नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातून हमीदाबी दाई आली. तिला कुणीतरी गच्चीवरून हाक मारली होती. ओस पडलेल्या रस्त्यानं ती एकटी, पिशवी काखेत मारून, नेहमीच्या चालीनं चालत आली होती. मी म्हणालो, "तुम्ही कशा आलात?" ती म्हणाली, "पैदा होनेवाले को क्या मालूम, बाहर क्या चलरा."

बाईंनी बायकांना शटरसमोर ओळीनं उभं केलं. मी उंच म्हणून मला कोपरा दिला. दोघींना ओंडके सरकवायला बसवलं. "मी हूं म्हणलं की उचला. वीतभर. ओंडका बसला म्हणल्याबिगर कुणी हात काढायचा न्हाई. बोटं पट्टीखाली न्हाई, मुठीत पट्टी. मला परत सांगा."

बायकांनी परत सांगितलं.

वीतभर उचललं, ओंडका सरकवला. परत वीतभर, परत ओंडका. लोखंड करकरत होतं. आतून गोदाचा आवाज येत होता आणि मी कोपरा धरून उभा होतो. मग शटर अडलं. उरलेल्या एकट्या कमानीला वरची नळी फिरवता येत नव्हती. पट्ट्या गुंडाळल्या जाण्याऐवजी माथ्याशी गोळा होऊन बसल्या. आम्ही सगळा जोर लावला तरी हातभरापेक्षा वर येईना.

हमीदाबीनं खाली वाकून ती फट बघितली. मग स्वतःच्या देहाकडं बघितलं. ती चांगली भरलेल्या अंगाची होती. "मैं नै जाती इसमें से," ती शांतपणे म्हणाली. "दुसरी कोई जाव. मैं खिडकी से बोलती."

आत जाणं म्हणजे पोटावर सरपटत त्या शटरखालून जाणं. माझा कोपरा सोडायची सोय नव्हती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बाईंनी लुगड्याचा काचा मारला तशी एक म्हातारी हळूच म्हणाली, "पहिलटकरणीजवळ आधी विधवा बाईनं जाऊ नये म्हणतेत."

"बरं," बाई म्हणाल्या. "मंग तुमी जा."

म्हातारी गेली नाही.

बाईंनी प्रत्येक ओंडक्याला लाथ मारून बघितली. माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा मी एवढ्या जवळून कधी बघितला नव्हता. ओठ कोरडे पडले होते.

"मास्तर, मी आत जाईस्तोवर हात काढायचा न्हाई."

"खाली ओंडके आहेत की."

"हायेत. तरीबी."

आणि ज्या दाराखालून मांजर गेलेलं त्यांना खपत नसे, त्या दाराखाली वकिलीणबाई आडव्या झाल्या. डोकं गेलं, खांदे गेले. मध्ये क्षणभर त्या थांबल्या. मला वाटलं अडकल्या. मग पाय सरकले आणि त्या आत दिसेनाशा झाल्या. मी पट्टी एवढ्या जोरानं धरली होती की नंतर कितीतरी वेळ माझी बोटं सरळ होत नव्हती.

पुढचं सगळं खिडकीतून झालं. हमीदाबी स्टुलावर बसून गजांमधून सांगायची आणि बाई आतून करायच्या. आयुष्यभर सगळ्यांना सांगणाऱ्या बाईंना ऐकायची सवय नव्हती. मधेच त्या गोदाला समजावू लागल्या, "जोर एकदम लावायचा न्हाई, माय. पीळ जसा बसतो तसा..."

"वकिलीणबाई," हमीदाबी खिडकीतून गरजली, "कमान का छोडो. नीचे देखो."

बाईंनी खाली पाहिलं. थोड्या वेळानं रडणं ऐकू आलं. गोदाचं नव्हे.

मुलगी झाली होती. ते रडणं ऐकून गल्लीतली पुरुषमंडळी बाहेर आली आणि शटर कसं उचलायला पाहिजे होतं ते आम्हाला सांगू लागली.

संध्याकाळी मी फटीतून आत चादर आणि कढत पाणी सरकवलं. बाई बाहेर येईनात. "एकदा नेम मोडला तेवढा बास," त्या आतून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जिनिंगमधला तोच मिस्त्री आला. त्यानं शिडीवर चढून अडकलेल्या पट्ट्या एकेक मोकळ्या केल्या आणि दार उघडलं. बाई लेकराला घेऊन ताठ चालत बाहेर आल्या. आपण शटरखालून गेलो, हे त्यांनी पुढं कधी कबूल केलं नाही. कुणी बोललंच तर म्हणत, "गवाह हाय का?"

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि गाड्या सुरळीत झाल्यावर हैदराबादेहून फिटर आला. बाईंनी मला शाळेत जायला सांगितलं. मी म्हणालो, मी थांबतो, समजून घेतो. "तुमी दिवसभर कुठं असता? दारापाशी ती असते. तिला समजू द्या." त्यांनी गोदाला, मांडीवरच्या लेकरासकट, खुर्ची देऊन बसवलं. मीही थोडा रेंगाळलो.

फिटर सांगत होता की कमान वर्षांनी म्हातारी होत नाही, चढउतारांनी होते. आणि तुटायच्या आधीच ती सांगत असते, दार जड करून. मग त्यानं दोन्ही कमानी बदलाव्या लागतील असं सांगितलं.

"दुसरी तर धड हाय," बाई म्हणाल्या.

"धड आहे अम्मा, पण जोडीची आहे. एक गेली की दुसरी फार चालत नाही."

"चालती," बाई म्हणाल्या. "जोडीतली एक गेल्यावर दुसरी वर्षानुवर्षं चाललेली मी बघितलीय."

फिटरला वाटलं, बाई शटरबद्दल बोलताहेत.

"बरं, बदला दोन्ही," त्या म्हणाल्या.

फिटर गेल्यावर बाई आणि गोदा दुपारभर ओसरीवर बसल्या होत्या. मी संध्याकाळी शाळेतून आलो. जेवताना गोदा म्हणाली, "मिशीचं खोटं हाय. शनिवारचंबी खोटं. बाकी सगळं खरं."

"मग खोटं कशाला सांगायच्या?"

"मिशी कुणाला हाय? बापूसाहेबांना. शनिवारी सुट्टी घेऊन कोण यायचं? बापूसाहेबच. त्यांच्यादेखत कमान उघडून दाखवायची नव्हती." गोदानं भाकरी मोडली. "सगळं नेलं त्यांनी. काकूंजवळ हे एवढंच दार ऱ्हायलं, कारण ते काढायचं कसं हे कुणाला म्हाईत न्हवतं. फिटरनं काकूंना पहिल्या वेळीच सगळं सांगितलं व्हतं. किती पीळ, कुठला बोल्ट आधी. त्यांनी कुणालाच सांगितलं न्हाई. आज मला सांगितलं."

मी विचारलं, तुलाच का? गोदा म्हणाली, "मी इचारलं न्हाई."

मुलगी रांगायला लागली तेव्हा माझी बदली सेलूला झाली. निघताना बाई टांग्यापर्यंत आल्या नाहीत. ओसरीवरूनच त्यांनी हात वर केला, तोही अर्धा. पुढं दिवाळीला आम्ही जात असू, मग जाणं कमी झालं, मग एका उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं. झोपेत गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी बापूसाहेबांचे दोन मुलगे सेलूला आमच्या दारात उभे राहिले. बापूसाहेब आधीच वारले होते. घर आता मुलांकडं आलं होतं आणि ते पाडायचं होतं. शटर काढायला आलेल्या एका माणसाच्या हाताला लागलं होतं, आणि आता परभणीत कुणी हात लावायला तयार नव्हतं. गल्लीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मास्तरीणबाईंना माहीत आहे.

मी म्हणालो, "आम्हाला काय माहीत?" मला वाटलं, गोदालाही हेच म्हणायचं असेल.

गोदानं त्यांना चहा दिला. त्यांचा तो माणूस कसा आहे, हात मोडला का नुसता मुरगळला, ते विचारलं. मग आत जाऊन लुगडं बदललं आणि पायात चपला घालून बाहेर आली. "चला," म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी परतली. हाताला काळं लागलं होतं आणि ते राखेनं घासूनही निघालं नव्हतं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, दार आधी पुरतं वर घ्यायला लावलं आणि बांधलं. मग दोन पहारी घेतल्या, एक धरून ठेवायची अन् एक फिरवायची. पोरांना दूर उभं केलं. आपण काढणार म्हटल्यावर एक मिस्त्री आला होता, त्याला बाजूला उभं केलं आणि एकेक फेरा मोजून पीळ उतरवला.

"त्यांनी शटर नेलं?"

"नेलं."

ती चुलीपुढं बसली. मला काहीतरी म्हणायचं होतं, की बाईंनी ते कुणाला नेऊ दिलं नव्हतं, आणि तू स्वतः जाऊन काढून दिलंस. पण तिनं लाकूड पुढं सारलं आणि तीच आधी बोलली.

"शेवटच्या फेऱ्याला दांडा हातात असा सैल पडला," तिनं तळवा उघडून दाखवला. "कायबी ओढ ऱ्हायली न्हाई. मंग मी थोडा वेळ त्या दाराखाली उभी ऱ्हायले."